रक्तातच हाय म्हणं

आण्णा,

'प्रिय' लिहायला हात उठत नाही, इतका राग आहे. काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. जेवून हात धुताना प्रत्येक पावणा एकच बोलला, "घराण्यातच हाय की ते इसरणं. त्यांच्या वडलांचं बी असंच झालतं." आणि आपल्या धाकट्या विजूनं मान डोलावली. गेल्याच महिन्यात रिटायर झालाय तो. म्हणून लिहितेय.

रक्तातच हाय! साठीला तुम्ही हे बोललात आणि हातपाय गाळलेत. रंकाळ्यावर एक फेरी मारा म्हटलं, तर "चालून रक्त बदलतंय व्हय?" साखर वाढली तरी चहा गोडच. ऐकू कमी आलं तर कानात यंत्र घालायची लाज. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस दिवसभर टीव्हीपुढं तोंड उघडं टाकून बसला. भेकड होतात तुम्ही. मास्तर असून भेकड.

गारगोटीची आत्या तुमची सख्खी बहीण ना? मग तिच्या अंगात काय उसनं रक्त आहे? सत्तरीत ती भजनी मंडळात पेटी शिकली. बोटं चुकायची, बायका हसायच्या, ही परत वाजवायची. माझ्या लग्नात कोण रुसलं होतं ते ती मला आजही सांगते. डॉक्टरही तेच म्हणाले, रक्तातून थोडं येतं, सगळं नाही. मेंदूला कामाला लावलं तर तो म्हातारपणीही नव्या वाटा पाडतो. खात्री नसते, पण पाडतो. तुम्ही त्याला कामाला लावलंतच नाही.

आणि आम्ही तरी काय दिवे लावले? एकदा मंडईतून कोथिंबिरीऐवजी मेथी आणलीत, तर आम्ही पिशवीच काढून घेतली. "आण्णा, बसा आता, लई राबलासा." मग घराची किल्ली काढून घेतली, नातवाला शिकवणंही काढून घेतलं. याला आम्ही मान म्हणायचो. पोरं किती जपतात म्हणून गल्लीत कौतुकही झालं. डोंबलाचं जपणं! एक एक काम काढून घेत तुम्हाला आम्हीच रिकामं केलं.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "बाई, तुम्ही कुणाच्या?" मी उत्तर न देता स्वयंपाकघरात गेले. त्याची लाज वाटते.

आज विजूही म्हणाला, "ताई, आपलं बी तेच हुणार." उद्या पहाटे त्याला दारातून ओढून चालायला नेणार आहे. चिडला तर चिडू दे. तुम्हाला शब्द देते, आण्णा. कधी त्यानंही मला "बाई, तुम्ही कुणाच्या" विचारलं, तर आम्ही लढून हरलेलो असू. आणि त्याला मी उत्तर देईन.

तुमची,
शालन