तोरणमाळची चाळिसावी चिठ्ठी

बाई,

पुढच्या शनिवारी आम्ही तिघी तोरणमाळला निघतोय. तळ्याकाठी तंबू ठोकून दोन रात्री राहायचं आणि गाडी मी चालवायची, असं ठरलंय. हसू नका. आठवीत तुमच्या पहिल्या बाकावर बसणाऱ्या या मुली आता आज्या झाल्यात, एकीचे गुडघे कुरकुरतात, पण यादी अजून तुमच्याच पद्धतीनं होते: आधी पाणी, मग मीठ, मग हौस. मी जळगावात मेहरूणला राहते. दुसरी असोद्याला दिलेली, तिच्याकडे भरिताची वांगी आणि कपाशीच्या काड्यांचा भारा. तिसरी आपल्या शाळेच्या गावी, धुळ्यातच राहिलेली, पत्र्याच्या पेट्या करणाऱ्यांची मुलगी. अब्बांचं दुकान आता ती चालवते, आणि तिनं सहलीसाठी घडीची चूल ठोकून घेतलीय. गाडीच्या टपावर काड्या बांधायच्या म्हटल्यावर माझा जावई म्हणाला, जंगलात लाकूड घेऊन जाणाऱ्या तुम्हीच पहिल्या. त्याला मी तुमचंच उत्तर दिलं, की डोंगराचं लाकूड डोंगराचं, आपलं भरीत आपल्या काड्यांवर.

तो वर्ग अजून डोळ्यांसमोर आहे: तुम्ही फळ्यावर सातपुडा काढताय. सातपायरी घाटाची वळणं गिरवताना खडू मोडतो, तुम्ही दुसरा घेता आणि सांगता, इथून पुढे वारा थंड लागतो. अख्खा वर्ग गारठतो. तुम्ही स्वतः तोरणमाळ कधी पाहिलंच नव्हतं, हे तुम्ही गेल्यावर तुमच्या भाचीकडून कळलं. मुख्याध्यापकांची अट होती: चाळीस मुली झाल्या तरच बस. घरच्यांच्या सहीच्या चिठ्ठ्या एकोणचाळीस आल्या. चाळिसावी माझी. मी मान खाली घालून म्हणाले, नाना नाही म्हणतात.

माझ्या वडिलांनी, नानांनी, तर पहिल्याच दिवशी सही केली होती. वर आग्रा रोडवरून माझ्यासाठी कॅनव्हासचे बूट आणले होते. पण मला गाडी लागायची, बाई. शिरपूरच्या सपाट रस्त्यावर माझे तीन रुमाल व्हायचे, तर घाटात काय झालं असतं! वर्गानं मला जन्मभर काय नाव ठेवलं असतं, याच धास्तीनं चिठ्ठी फडताळातल्या कागदाखाली गेली. घरी सांगितलं, शाळेनं सहल रद्द केली. दोन दिवसांनी ते खरंच झालं. त्याच उन्हाळ्यात तुम्ही निवृत्त झालात. पुढे चाळिशीत कुणीतरी सांगितलं की चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, आणि मी दुसऱ्याच दिवशी शिकायला गेले.

मैत्रिणी मात्र इतकी वर्षं नानांच्या नावानं बोटं मोडत आल्या. काल तिघींनी मिळून फोनवर यादी करताना पेटीवाली पुन्हा म्हणाली, "तुना नाना आडवा नही उना र्‍हाता, ते बठ्ठा वर्ग तोरणमाळ जाई उना र्‍हाता." नाना आडवे आले म्हणून अख्ख्या वर्गाची सहल हुकली, हे मी नेहमी हसून सोडून देते. काल सोडवेना. नाना जाऊन बारा वर्षं झाली, आणि मी अजून त्यांच्या आडून बोलतेय याची लाज वाटली. मी सगळं सांगून टाकलं. मग असोदेवालीनं विचारलं, नानांना कळलं होतं का. नाही, म्हटलं. ते शेवटपर्यंत, बाई, तुम्हालाच नावं ठेवत होते, एवढी साधी सहल नेता आली नाही म्हणून. यावर पेटीवाली इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, "मंग आते घाटमा गाडी तूच चालाव."

त्यांच्यापुढे निभावलं. तुम्हाला सांगायचं राहिलंय. हे पत्र कुठे टाकणार, म्हणून ते वहीतच ठेवतेय. सहल रद्द झाली त्या दिवशी तुम्ही मला थांबवून घेतलंत. घरी येऊन नानांशी बोलला नाहीत, कारण मुलीसमोर बापाला कमीपणा नको, असं म्हणालात. हातानं काढलेला तोरणमाळचा नकाशा मला दिलात आणि मी रडायला लागल्यावर पदरानं माझे डोळे पुसलेत. जाता येत नाही म्हणून पोर रडतेय, असं तुम्हाला वाटलं. बाई, मी सुटले म्हणून रडत होते.