माझा आवाज परस्पर फिरतो त्याबाबत

अंबड,
बाजाराच्या आदल्या दिवशी

चिरंजीव राजानंद यास थोरल्या भावाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. सौ. बेबीनंदाला वेगळा लिहीत नाही, ह्यातलाच निम्मा तिला दे (तू देत नाहीस, अशी तिची मागच्या खेपेला तक्रार होती). तुझी शुगर, तुझा गुडघा आणि वाटूर फाट्याच्या धुळीनं येणारा तुझा खोकला, तिघंही आपापल्या जागी असतील असं धरून चालतो. इकडं सगळे हिंडते-फिरते आहेत. माझी तब्येत डॉक्टरच्या मते एकदम बराबर आहे. हे डॉक्टरचं मत झालं, माझं पुढं येईल.

तू म्हणशील, दादाला फोन करायला काय झालं. राजानंद, फोनवर बोलायची मला आता हिंमत होत नाही. त्या यंत्रात माझा जेवढा आवाज गेला तेवढा बस झाला. म्हणून चौथी शिकलेल्या हातानं लिहितो आहे. तू मास्तर होतास, तरी लाल शाई काढू नको, नुसतं वाच.

आपल्या नागसेनची पोर, माझी नात भावना, हिनं बी.पी.एड. केलं, शाळेतली कंत्राटी नोकरी सोडली आणि बायकांसाठी व्यायामाचा क्लास काढला, इथवर तुला ठाऊक आहे. क्लास चांगला चालायचा, पण सोयाबीन काढणीला आलं की बायका वावरात आणि लग्नसराई आली की मांडवात. रिकाम्या हॉलमध्ये एकटीच उड्या मारून पोरगी कंटाळली आणि मोबाईलवर विकायचा माल तयार करायला लागली. त्याला डिजिटल प्रॉडक्ट म्हणतात. आधी तिनं खाण्यापिण्याचं एक पुस्तक केलं. त्याला कागद नाही, पण पानं आहेत. त्यात पहिल्याच पानावर ओट्स होते, म्हणून कोणी घेतलं नाही. मग ओट्स काढून ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी घातली तर लोक घ्यायला लागले (रोज खातो तेच खा, असं लिहिलेलं माणसं विकत घेतात, हे मला अजून समजलेलं नाही). मग कंबरदुखीचा व्यायाम, बाळंतपणानंतरचा व्यायाम, म्हाताऱ्या माणसांचा व्यायाम, असे व्हिडिओ तिनं केले. एकदा करायचे आणि विकत राहायचे.

आता मी जन्मभर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात मापाडी. माल म्हटलं की मला पोतं दिसतं. हा माल एकाला विकला तरी दुकानात तेवढाच, गावाला विकला तरी तेवढाच. घट येत नाही, उंदीर लागत नाही. मोंढ्यात असा माल कोणी काट्यावर ठेवला असता तर मी चपला तिथंच सोडून पळालो असतो. भावनाला हे बोललो तर ती हसली. म्हणाली, "आबा, हीच तर मजा हाय ह्या धंद्यात." मला मजा दिसली नाही. विकून जो माल कमी होत नाही, तो कुठून ना कुठून कमी होतच असणार. कुठून, तेवढं आपल्याला दाखवत नाहीत.

मी त्यात अडकलो तो असा. ती एकदा खोलीत बैठकांचा व्हिडिओ करत होती आणि पडद्याच्या मागं मी पायलीनं कोठीत ज्वारी भरत होतो. मोंढ्याची सवय. पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, म्हणजे धान्याला बरकत राहते. लाभ, दोन, तीन, असं लांब सूर लावून माझं चाललेलं, ते सगळं व्हिडिओत गेलं. विकत घेणाऱ्यांनी तिला लिहून पाठवलं की मागं मोजणारे आजोबा कोण, त्यांच्या सुरावर बैठका बराबर बसतात. झालं. तिनं माझ्या खोलीच्या चारी भिंतींना गोधड्या टांगल्या, पत्र्याखाली चादर बांधली आणि काळं टोपडं घातलेलं एक यंत्र माझ्या तोंडापुढं उभं केलं. गोधड्या कशाला म्हणालो तर म्हणाली, आवाज परत येत नाही. पोरगी खरं बोलली. मी तीसपर्यंत मोजलं, मधूनमधून श्वास घ्या, श्वास सोडा म्हणालो, विसाच्या पुढं मला खोकला आला, तोही तिनं ठेवून घेतला ("ऱ्हाऊ द्या आबा, खरं वाटतं"). बाहेर आलो तेव्हा झाडून घेतलेल्या कोठीसारखं वाटत होतं.

पहिला झटका गल्लीत बसला. सकाळी दूध आणायला निघालो तर धर्मराज टेलरच्या घरातून मीच म्हणालो, श्वास सोडा. (मी सोडला. घाबरून घ्यायचा विसरलो.) पुढच्या दाराआडून लाभ म्हणालो, त्याच्या पुढच्या घरातून अकरा. दारं सगळी लावलेली, माणूस एक दिसत नाही, नुसते तळवे आपटल्याचे आवाज, आणि तीन घरांत तीन ठिकाणी मी. रस्त्यावर जो उभा होता त्याला कितवा म्हणायचं? नाल्याजवळच्या कुत्र्यानं माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, परत माझ्याकडं पाहिलं आणि न भुंकता निघून गेलं. भुंकलं असतं तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात टेलरच्या घरात मला खोकला आला. आणि इकडं रस्त्यावर मलाही आला. आधी त्याला, मग मला. मी दूध न घेताच घरी आलो आणि म्हशी आटल्या असं सांगितलं.

दुसरा झटका एस.टी.त. तीर्थपुरीला आपल्या पुतळाईच्या नातवाचं नाव ठेवायला निघालो होतो. कंडक्टरला कार्ड दाखवून तीर्थपुरी म्हणालो तर शेजारची बाई अंगावर पाणी पडल्यासारखी दचकली आणि तिनं डोक्यावर पदर ओढला, घरातल्या वडीलधाऱ्यापुढं ओढतात तसा. केशरबाई तिचं नाव. म्हणाली, "मामा, तुमी रोज सकाळी आमच्या घरी येता." मी म्हणालो, बाई, मी तुमचं गावसुद्धा पाहिलेलं नाही. तर तिची सासू झुंबरबाई, एका अंगानं लुळी पडलेली, सून तिच्या उशाला मोबाईल ठेवते आणि माझ्या मोजण्यावर म्हातारी हात उचलते. आता हात खांद्यापर्यंत येतो म्हणे. ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पुढं केशरबाई म्हणाली, "सासूबाई तुमच्यासंगं बोलतेत. काल म्हणल्या, दादा, चहा ठेवलाय, थांबा. तुमी थांबले न्हाईत." हे तिनं असं मनाला लागल्यासारखं म्हटलं की मी चटकन बोलून गेलो, घाई होती, त्यांना माफी सांगा. बोललो आणि मला घाम फुटला. जिथं मी गेलोच नाही तिथून निघून आल्याची माफी मी मागितली होती! बाई तरी गप बसावी की नाही? "एकच इचारतेत सासूबाई," म्हणाली, "मानूस रोज येतो, आवाज चांगला हाय, पन पाय कसे दिसत न्हाईत?" आणि तिनं खाली माझ्या पायांकडं पाहिलं. मीही पाहिलं. चपला होत्या, बोटं पुढंच होती. तरी उतरेपर्यंत मी पाय बाकाखाली घेतले नाहीत.

आता माझा खरा घोर ऐक. मोंढ्याचा नियम असा की लाभ म्हणून सुरू केलेलं माप मध्ये सोडायचं नाही. कोणी हाक मारली तरी आकडा म्हणत म्हणतच मान हलवायची. सुटलंच तर ओतलेलं सगळं काढून पहिल्यापासून धरायचं, त्याशिवाय पोत्याला सुई लावत नाहीत. आणि इथं काय चाललंय? कोणाचं दूध उतू जातं, कोणाची पोरं रडतात, कोणाला नुसता कंटाळा येतो, आणि बोट लावून मला नवावर, बारावर जिथल्या तिथं बंद करतात. गावोगावी माझ्या तोंडची मापं उघडी पडली आहेत. ती मिटवणार कोण? म्हणून मी सकाळी न्हाणीच्या मागं बसतो आणि पुरी करतो. कोणी कुठं सोडलं ते मला कळत नाही, लाभ तेवढा सगळ्यांचा झालेला असतो, म्हणून दोनपासून धरून सगळ्यांचीच करतो. जेवणवेळ होते. परवा भावनानं पकडलं. "आबा, काय करून राह्यलात?" मी म्हणालो, लोकांचा व्यायाम पुरा करून राह्यलो. तिनं कपाळाला हात लावला, माझ्याच. मग डॉक्टर झाला. त्याचं मत वर लिहिलं आहे.

तू म्हणशील, दादा, आपण बौद्ध माणसं, हे आपल्यात बसत नाही. मला माहीत आहे, तू शाळेत पोरांना लिंबू कापून दाखवायचास तेही मला माहीत आहे. भुताखेतावर माझा विश्वास नाही. पण भूत मेलेल्या माणसाचं असतं असं लोक म्हणतात, आणि ते नसतं, हे मला पटलेलं आहे. जित्या माणसाचं काय, ह्याबद्दल कोणी काही सांगून ठेवलेलं नाही.

बरं, हे इथंच थांबलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. आता लोकांना तीसच्या पुढं पाहिजे. तिनं दुसरा भाग येणार म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना कळवून टाकलं आहे. मी कधी घसा धरतो, कधी कवळी हरवतो (ती माझ्या उशीत आहे, बिलकुल कोणाला सांगू नको). पण गिऱ्हाईक थांबत नाही, ते दुसरीकडं जातं, हे मला मोंढ्यातून माहीत आहे. नागसेन ताटावर बसून तिला म्हणाला, "भाग न्हाई निघाला तर बंद कर ते. पुण्याच्या जिमची नोकरी तयार हाय, जा तिकडं." तिनं नुसती त्याला भाकर वाढली. राजानंद, नागसेन उजाडताना जालन्याला कारखान्यात जातो तो दिवे लागल्यावर येतो. पोरगी पुण्याला गेली तर दिवसभर ह्या घरात मला हाक मारायला कोण आहे? आणि आवाज द्यावा, तर तीस आकड्यांत माझे हे हाल झाले, साठ म्हणालो तर माझ्याजवळ उरेल काय? गच्चीच्या जिन्यावर आताच श्वास अर्ध्यात तुटतो. मी तिला एकदा सरळ विचारलं, भावे, आवाज दिला की माणूस कमी होतो का. तर म्हणाली, "कमी कशाला आबा, तुमी तर वाढून राह्यलात." मी जेवण टाकून उठलो.

जबरदस्ती ती करत नाही, हीच अडचण आहे. गोधड्या मात्र तिनं काढल्या नाहीत. मी त्यांच्या मधोमध झोपतो आणि जे बोलतो ते तिथंच पडून राहतं.

बाकी लिहिण्यासारखं नाही. ज्वारी भरून ठेवली आहे. न मोजता भरली.

तुझा दादा,
पुंजाराम

ता. क. खरं काम लिहायचं राहिलं. तुझा आणि माझा आवाज एकच आहे. मागं फोनवर बेबीनंदा तू समजून मला गोळी न घेतल्याबद्दल बोल बोल बोलली, मी ऐकून घेतलं, तुला सांगितलं नाही. तर तू इकडं ये आणि एकतीसपासून पुढचं म्हणून टाक. पोरीचा धंदा राहील, ती घरी राहील, मीही राहीन. तू विज्ञानाचा माणूस, तुला काही होणार नाही. आणि काही झालंच तर तुझ्यामागं बेबीनंदाला पेन्शन तरी आहे. जल्दी ये.

ता. क. दुसरा. येऊ नको. पाकीट चिकटवायला खळ आणायला गेलो तर भावनाच्या खोलीतून मी म्हणालो, एकतीस. दारात उभा राहिलो. बत्तीस, तेहतीस, चाळीसच्या पुढं गेलो. हे आकडे मी त्या यंत्रापुढं कधी म्हणालो नाही, राजानंद. सूर माझा, दम मी घेतला असता तिथंच घेतलेला, आणि थकवा नाही. आधीच्या आवाजावरून मशीनच पुढचं तयार करतं म्हणे. तिचे डोळे भरून आले होते. "आबा, तुमाला तरास नको म्हणून केलं. आता पुणं न्हाई, काही न्हाई." मी चांगलं झालं म्हणालो, दुसरं काय म्हणणार. पण एकदा विचारायचं तरी! मी नाहीच म्हणणार होतो, पण विचारायचं. मग तिनं मला गंमत दाखवली. काहीतरी टाईप केलं आणि मशीन माझ्या आवाजात म्हणालं, नागसेन, भाकर खाऊन घे. आज त्याला सुट्टी, तो पलीकडच्या खोलीत होता. त्यानं तिकडून ओ दिली, "हो आबा, आलोच." आणि उठून जेवायला बसला. मी तिथंच होतो. त्यानंतर मी मुद्दाम बराच वेळ काही बोललो नाही. कोणाला काही कमी पडलं नाही.

ता. क. तिसरा. तरी ये. काम काही नाही, नुसता ये. पण दारातून दादा म्हणून हाक मारू नको. सरळ आत ये आणि माझ्या खांद्याला हात लाव. हाकेला आतून ओ येईल, ती माझीच असेल असं मी लिहून देऊ शकत नाही.