एकतीस डिसेंबरचा बंदोबस्त

२१ डिसेंबर, रविवार. रात्री ९.५०
ठरलं. एकतीस तारखेला मानसच्या वर्गातल्या मुलांची नाइट पार्टी आपल्या घरी. सात ते साडेदहा. आठ मुलं. मीच बोलावलंय, कोणी गळ्यात मारलेलं नाही.

कारण लिहून ठेवतो. मानस जूनपासून नव्या शाळेत, चौथीत. सहा महिन्यांत त्याला एकानंही घरी बोलावलं नाही, कोणी आपल्याकडे आलंही नाही. शेवटी त्यानं स्कूल बसमध्ये जाहीर केलं की माझे बाबा कशालाच घाबरत नाहीत, आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. त्या दिवशी मुलं पहिल्यांदा त्याच्याशी नीट बोलली म्हणे. आता त्यांना बाबा बघायचेत. मी कमी पडलो तर पोरगं पुन्हा बसच्या खिडकीशी एकटं बसणार.

देवयानीची त्या रात्री हॉस्पिटलमध्ये ड्यूटी. तिनं विचारलं, एकटे सांभाळाल? मी म्हणालो, म्हणजे काय! तिनं पुन्हा विचारलं. मी तेच जरा मोठ्यानं म्हणालो.

टीप: मला अंधाराची भीती वाटत नाही. अंधार आवडत नाही, एवढंच. पॅसेजचा दिवा रात्रभर चालू असतो तो मानससाठी. तो नऊला गाढ झोपतो, पण न जाणो.

२३ डिसेंबर. ऑफिस, लंच टाइम
रिस्क असेसमेंट पूर्ण. पंधरा वर्षं विमा कंपनीत क्लेम बघतोय, आपल्याला कोण शिकवणार. गॅस, जिना, गच्चीचं दार, फुगा गिळणे, गरम तेल. एकूण धोके एकेचाळीस. स्वयंपाकघरामागच्या कोठीतला बल्ब दसऱ्यापासून गेलेला, तो बेचाळिसावा. यादी वाचून हात गार पडले. एसी फार वाढवून ठेवतात इथे.

२५ डिसेंबर
सियागंजच्या बाजारात गेलो. फुगे, टोप्या, झिरमिळ्या, सगळं आणलं. बल्ब राहिला. दुकान आतल्या गल्लीत होतं आणि अंधारून आलं होतं. त्या अवेळी बल्ब कोण घेतं? सहा वाजले होते.

२८ डिसेंबर
मानस म्हणाला, वर्गातल्या यशवर्धनला भुताच्या गोष्टी आवडतात. मी सांगितलं, पार्टीची थीम शौर्य आहे. खापरपणजोबांनी भर रात्री एकट्यानं क्षिप्रा ओलांडली, ती हकीकत सांगेन. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे ते घोड्यांच्या हरभऱ्याचं बघायचे. पण हरभरा काय आपोआप नदी ओलांडतो?

मानसनं विचारलं, बाबा, पार्टी कॅन्सल करायची का? त्याला भीती वाटत असावी. मी धीर दिला.

३० डिसेंबर. पहाटे ३.१०
स्वप्न. आठही आईबाप रांगेत क्लेम फॉर्म घेऊन उभे. मी सगळे रिजेक्ट करतोय आणि शेवटचा फॉर्म माझाच.
उठून दाराची कडी तपासली. चारदा. मानसची सेफ्टी.

३१ डिसेंबर. सकाळी ११
गराडू आणले, तळून खायचे कंद. थंडीत इंदूरच्या पार्टीला गराडू नसले तर ती पार्टी कसली. देवयानी म्हणाली, सोलताना हाताला तेल लावा, नाहीतर खाजेल, आणि दोनदा तळा, कच्चे राहिले तर घसा धरतात. इथे जन्म गेला माझा. मला गराडू शिकवते!

दुपारी ४
हात खाजताहेत. तेल आठवलं, पण सोलून झाल्यावर. अक्षर वाईट येतंय ते त्यामुळे.

संध्या. ६.५०
देवयानी ड्यूटीवर गेली. जाताना म्हणाली, काही लागलं तर फोन करा, लाजू नका. घरात सगळे दिवे लावलेत. मोबाइलचा टॉर्चही चालू करून ठेवला. खबरदारी.
कोणी आलंच नाही तर? मानस खिडकीत उभा आहे, नवा शर्ट घालून.
आणि सगळे आले तर?

७.४५ (बाथरूममधून)
सगळे आले. आठ. मानस धरून नऊ. माझ्या छातीत धडधडतंय ते जिने चढल्यामुळे.

मुलं मात्र गुणी. धसमुसळी असतील असं वाटलं होतं. देवांश केकसाठी लाइट बंद करायला गेला तर मिताली नावाच्या मुलीनं त्याच्या हातावर फाटकन चापट मारली. केक भर उजेडात कापला. क्षिप्रेची हकीकत सर्वांनी ऐकली, टाळ्या वाजवल्या. यशवर्धननं भुताचा भ काढला नाही. वचक बसलाय.

९.१०
अनर्थ. गराडू एकदाच तळले. तेल उडत होतं, दुसऱ्यांदा कढईजवळ जाणं सेफ्टीच्या दृष्टीनं बरोबर नव्हतं. वर जीरावण मसाला भुरभुरवला, मुलांनी मिटक्या मारत खाल्ले. पाचच मिनिटांत यशवर्धन म्हणाला, अंकल, गले में कुछ चुभ रहा है. मग देवांश. मग सगळे. आठ मुलं घसा धरून खोकताहेत. आठ! एका मुलानं खोकत विचारलं, मानस, तेरे यहाँ हमेशा ऐसा बनता है क्या? मानसचा चेहरा मला बघवला नाही.

देवयानीला फोन. ‘गराडू, घसे, आठ’ एवढंच सांगितलं. ती म्हणाली, चिंच आणि गूळ द्या, दहा मिनिटांत बरं वाटेल, बरण्या कोठीत आहेत, वरच्या फळीवर, घाबरू नका. मी म्हणालो, घाबरतंय कोण.

कोठीत बल्ब नाही. मोबाइल बंद पडला, टॉर्च सात वाजल्यापासून चालू होता. चार्जिंगला लावून येतो. म्हणजे, कोठीत जातो.

१०.२०
मोहीम फत्ते. सविस्तर लिहितो.

कोठीच्या दारात मी तीन-चार मिनिटं परिस्थितीचा अंदाज घेत उभा राहिलो. मागे खोकल्याचे आवाज. मुलांना एकटं सोडणं बरोबर नव्हतं, म्हणून सगळ्यांना बरोबर घेतलं. खरं तर ती आपणहून आली. पुढे मानस, मध्ये मी, बाकी चारी बाजूंनी. मितालीनं माझा डावा हात धरला, देवांशनं उजवा. बिचारी घाबरलेली. हात घट्ट होते त्यांचे, अजिबात कापत नव्हते. घाम आला होता तो माझाच असावा, उकडत होतं.

आत काहीतरी पायाला लागलं. मी जोरात हुकूम सोडला. तो ‘आई गं’ असा ऐकू गेला असेल. कांद्याची पिशवी होती. मानस स्टुलावर चढला, चाचपडत दोन्ही बरण्या काढल्या. बाहेर येऊन मुलं चिंच चोखत बसली. देवयानी म्हणाली तसंच झालं, घसे मोकळे झाले. मग त्यांनी पुन्हा धिंगाणा घातला.

एक गोष्ट नोंदवतो. आत कोणी हसलं नाही. शौर्याच्या हकीकतीचा परिणाम.

१०.५५
आईबाप येऊन घेऊन गेले. काही जण मुलांना घेऊन तसेच सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत गेले. आमच्याकडे जेवूनही! देवांशनं जाताना मानसला सांगितलं, रविवारी तू माझ्या घरी ये. मानस हसला. सहा महिन्यांत असा हसला नव्हता. मी करून दाखवलं.

१ जानेवारी. सकाळी ११
पालकांच्या ग्रुपवर कौतुक. ‘विक्रांत भिया, ग़ज़ब!’ पुढच्या वर्षी वीस मुलं बोलवावीत. बावीससुद्धा चालतील.

संध्या. ७.३०
मितालीची आई, निधीजी, आल्या होत्या. मितालीचं स्वेटर राहिलं होतं. मी कालची मोहीम सांगायला घेतली. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, भाईसाहब, आपका मानस बहुत समझदार है. मी म्हणालो, घराण्याचं रक्त आहे. त्या म्हणाल्या की सुट्टी लागायच्या आधी त्यानं बसमध्ये एकेकाला गाठून वचन घेतलं होतं. बाबांसमोर भूत म्हणायचं नाही. लाइट बंद करायचा नाही. अंधारात त्यांचा हात सोडायचा नाही. आणि ते ओरडले तर हसायचं नाही.

मी म्हणालो, मुलं कल्पक असतात.

त्या पुढे म्हणाल्या, मितालीनं त्याला विचारलं होतं, तू तर म्हणायचास, पापा किसी से नहीं डरते. तर तो म्हणाला, झूठ बोला था. डरते तो सबसे हैं. फिर भी तुम सबको बुलाया ना, मेरे लिए.

निधीजींना चहा विचारायचा राहिला.  स्वेटरही त्यांना द्यायचं राहिलं, माझ्याच हातात होतं.

रात्री ९.३०
देवयानी आज परत ड्यूटीवर.   मानस आत्ता झोपायला निघाला होता. दारात थांबून म्हणाला, बाबा, तुम्हाला झोप लागेपर्यंत बसू का इथे?

नको म्हणायला हवं होतं.
बस म्हणालो.