बारा धडे आणि एक आखूड पाय

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून. आजपासून म्हणजे आजपासूनच.
शनिवारी तेवीस तारखेला लायब्ररीत माझं व्याख्यान: ‘पूर्वीच्या लेखिकांकडून घ्यायचे चिकाटीचे बारा धडे’. विषय ग्रंथपालबाईंचा, बारा हा आकडा माझा. लेख छापणारही आहेत. चौथीतल्या कवितापाठाच्या बक्षिसानंतर चौसष्ट वर्षांनी माझं नाव पुन्हा कुठेतरी झळकेल. रोज दोन पानं. सोपं गणित.
९.३०. पेन सापडलं नाही.

५ नोव्हेंबर
टेबल हलतं. एक पाय बोटभर आखूड आहे. वजनमापे खात्यात छत्तीस वर्षं निरीक्षक होतो. तराजू किती झुकतो ते लांबून सांगायचो. हलत्या टेबलावर मला लिहिताच येत नाही. सवय!
ताईच्या ट्रंकेवर रोज फाडायच्या कॅलेंडरच्या पानांचा गठ्ठा होता, नाडीने बांधलेला. होऊन गेलेल्या तारखा! ब्याऐंशी वर्षांची झाली, पण ही बाई काहीही साठवते. सारला पायाखाली. बरोब्बर बसला. नजर अजून शाबूत आहे.
पहिलं वाक्य: ‘पूर्वीच्या स्त्रियांना निवांतपणा कसा तो नव्हता.’ झकास. इथेच थांबलो. पहिल्याच दिवशी ताण नको.

८ नोव्हेंबर
संदर्भग्रंथ वाचला. एक बाई चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहायची म्हणे. दुसरीने कादंबरी पिठाच्या डब्यात लपवली. डोळे भरून आले. तेवढ्यात सूनबाई ऑफिसला निघता निघता म्हणाली, बाबा, दुधाकडे जरा बघाल? म्हटलं, मी चिकाटीवर लिहितोय. म्हणाली, मग उकळी येईपर्यंत तरी टिकेल ना!
दूध उतू गेलं. ओटा ताईने पुसला.

९ नोव्हेंबर
ताईचं काहीतरी हरवलंय. पलंगाखाली वाकते, कपाट उपसते, गुडघ्यांना हात लावून उठते. विचारलं, बाळ्या, माझी पानं पाहिलीस का रे? या वयात मला बाळ्या फक्त तीच म्हणते. म्हटलं, ताई, मी लिहितोय, नंतर. बिचारी दार ओढून घेऊन गेली.
या घरात लेखकाला शांतता म्हणून नाही.

१२ नोव्हेंबर
पहिलं वाक्य बदललं: ‘निवांतपणा हा पूर्वीच्या स्त्रियांना ठाऊकच नव्हता.’ जास्त वजनदार. नवा कागद घेतला. खाडाखोडीच्या कागदावर विचारही खाडाखोडीचे येतात.
दुपारी डोळा लागला. चौथीचा वर्ग दिसला. गुरुजी छडीने टेबलावर ठेका धरताहेत, मी कविता चालीवर म्हणतोय. अहाहा! ताईला चौथीनंतर घरात बसवलं होतं. तरी माझ्या सगळ्या कविता तिलाच आधी पाठ व्हायच्या. धुणं धुता धुता माझ्याकडून म्हणवून घ्यायची, अडलो की पुढची ओळ सांगायची. काही लोकांची स्मरणशक्ती उगाचच चांगली असते.

१५ नोव्हेंबर
ताईला लायब्ररीत पाठवलं, पुस्तकं बदलायला. दोन तासांनी आली. म्हटलं, इतका वेळ? म्हणे, बाईंशी बोलत होते. या दोघींचं कसलं बोलणं?
संध्याकाळी ग्रंथपालबाईंचा फोन. काका, ताईंची ती एका वर्षाची पानं मिळाली का हो? बाकीची सगळी वर्षं माझ्याकडे आहेत. म्हटलं, आधी माझ्या लेखाचं बोला. म्हणाल्या, तेच विचारणार होते, किती झाला? म्हटलं, पाया भक्कम झालाय.
‘काका’ म्हणतात. ‘सर’ म्हणायला हवं.

१८ नोव्हेंबर
बारा धडे फार होतात. सहा.

१९ नोव्हेंबर
तीन. पण सखोल.
ताईने माळ्यावरचं सगळं सामान उतरवायला लावलं. मुलगा, सूनबाई दोघं शिडीवर. ताई खालून म्हणत होती, राहू दे, माझंच मेलं विसरायचं वय. तिचा आवाज फार थकलेला वाटला. जेवलीही नाही. मी मदतीला उठणार होतो, पण टेबल नुकतंच स्थिर झालंय. मूड मोडला असता.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
ग्रंथपालबाई पाच वाजता लेख न्यायला घरी आल्या. छत्तीस कागद पुढे ठेवले. प्रत्येकावर पहिलं वाक्य, उत्तरोत्तर सुधारलेलं. ही माझी पद्धत, असं समजावलं. त्या डॉक्टरसारखी मान हलवत राहिल्या.
त्यांच्या पेनाचं टोपण खाली पडलं. त्या वाकल्या. बराच वेळ वर येईनात. मग टेबल कलंडलं, चहा सांडला आणि त्या गठ्ठा हातात घेऊन उभ्या. ताई, हा तुमचाच ना?
ताई हात पुसत आली. वाटलं, आता माझं काही खरं नाही. ती म्हणाली, अगं बाई, इथे होय! आणि मला म्हणाली, बाळ्या, टेबल हलत होतं तर सांगायचं नाहीस का रे?
पानांच्या पुढे तारखा. मागे, कोऱ्या बाजूला, बारीक अक्षरात रोजच्या चार ओळी. मी उलटून पाहिलंच नव्हतं. आईच्या शेवटच्या आजारपणाचं वर्ष. ताई उशाशी, मी बदलीच्या गावी. ग्रंथपालबाईंनी एक पान मोठ्याने वाचलं: ‘आज आईने दोन घास खाल्ले. दाराची कडी वाजली की विचारते, बाळ्या आला? दूधवाला आहे असं मी सांगत नाही. म्हणते, निघालाय.’
नुकतीच ऑफिसातून आलेली सूनबाई माझ्याकडे बघत होती.
त्या वर्षी तपासण्या फार होत्या. ऑफिसात नोंद असेल.

२३ नोव्हेंबर, शनिवार
ताई वाचणार, मी प्रास्ताविक करणार, असं ठरलं. उभा राहिलो. वाक्य म्हटलं, छत्तिसावं. पुढचं आठवेना. पुढचं नव्हतंच. पहिल्या रांगेत ताईचे ओठ हलले, मला ओळ पुरवायला. पण ही ओळ तिलाही ठाऊक नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, इतकं आटोपशीर प्रास्ताविक मी आयुष्यात ऐकलं नाही.
ताई पाऊण तास वाचत होती. कोणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी एका मुलीने विचारलं, आजी, लिहायला कुठे शिकलात? म्हणाली, बाळ्याचा अभ्यास घेताना.
म्हणजे श्रेय माझ्याकडेही येतंच.
पुस्तक छापणार आहेत. ताईचं.

२४ नोव्हेंबर, रविवार
उठलो. टेबल हलत होतं. म्हटलं, आता लिहिणं शक्यच नाही. हायसं वाटलं, ते लपवलं.
ताई आली. हललेलं टेबल पाहिलं, माझे छत्तीस कागद उचलले, चार घड्या घातल्या, वरून नाडी बांधली आणि गुडघे धरत खाली बसून पायाखाली सारले. हं, म्हणाली, लिही आता.
चारी कोपरे दाबून पाहिले. तसूभर हलत नाही. अचूक.
लिहायला आता कसलीच अडचण नाही. कागद तेवढे संपलेत.