समुद्रासाठी नंबरचा चष्मा

रविवार, १ डिसेंबर २०२४
ठरलं. ११ जानेवारी, तारकर्ली, स्कूबा डायव्हिंग. मी आणि कुसुम.
लग्नाच्या सत्ताविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून राजसने परस्पर बुकिंग करून टाकलं. चिरंजीव खराडीला आयटीत आहेत. आधी विचारायची पद्धत त्यांच्यात नाही. मी म्हटलं, मला पोहता येत नाही. तो म्हणाला, बाबा, गरजच नाही, इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरून असतो. गरज नसली तरी तयारी हवी. तयारीशिवाय मी रिक्षातसुद्धा बसत नाही.
कुसुम खूश दिसली. लग्नानंतर गणपतीपुळ्याला गेलो होतो, तेव्हाच तिला पाण्यात जायचं होतं. मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी. त्यानंतर तीनदा कोकणात जायचं ठरलं आणि तिन्ही वेळा अपरिहार्य कारणांनी राहिलं. (एकदा मला सर्दी होती.) आज ती म्हणाली, या वेळी रद्द झालं तर मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. किती समजूतदार! अजिबात दडपण न आणणारी बायको मिळायला भाग्य लागतं.
जानेवारीत तिथलं पाणी गार असतं म्हणे. उद्यापासून गार पाण्याने आंघोळ. शिवाय रोज श्वास रोखण्याचा सराव आणि रोज या वहीत नोंद.

सोमवार, २ डिसेंबर, सकाळी ६.४०
गार पाण्याने आंघोळ केली. पायांची. शरीराला टप्प्याटप्प्याने सवय लावावी असं कुठेतरी वाचलं आहे. बाकीचा मी नेहमीप्रमाणे.

बुधवार, ४ डिसेंबर
गार पाणी गुडघ्यापर्यंत आलं आहे. प्रगती समाधानकारक.
माझं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, म्हणून श्वासाचा सराव त्या वेळेत ठेवला. आडवं पडून श्वास रोखला. चार वाजता जाग आली. फुप्फुसांना विश्रांतीही हवीच.

रविवार, ८ डिसेंबर
तात्यारावांबरोबर पोहण्याच्या तलावावर गेलो. हे माझ्या शेजारी पूजासाहित्याचं दुकान चालवतात. वय एकाहत्तर. तीस वर्षं रोज सकाळी पोहतात, काही कारण नसताना. त्यांना तारकर्लीचं सांगितलं, तर म्हणाले, "समुद्राला कळवलंय ना, तुम्ही येताय म्हणून?" दुर्लक्ष केलं. कसबा पेठेत अशी माणसं असायचीच.
तलावात एक पाय घातला. पाणी भलतंच गार, आणि क्लोरीनचा वास. समुद्रात क्लोरीन नसतं. म्हणजे तलावातला सराव हा मुळातच दिशाभूल करणारा. परत आलो.
कुसुम मात्र महिलांच्या बॅचला नाव घालून आली. शाळा सुटली की जाणार. म्हटलं जा, तेवढाच विरंगुळा. दिवसभर दुसरीची मुलं सांभाळायची म्हणजे डोकं उठतं बाईचं.

गुरुवार, १२ डिसेंबर
आज थंडी फार. गार पाणी पुन्हा घोट्यापर्यंत खाली आणलं. माघार नव्हे. फेरआखणी.

रविवार, १५ डिसेंबर
मूळ अडचण सापडली. माझा उजवा डोळा मायनस सात, डावा मायनस दोन. चष्मा काढला की समोरचा माणूस आहे की खांब, हे तो बोलल्यावर कळतं. आणि डायव्हिंगच्या मास्कखाली चष्मा बसत नाही.
राजस म्हणाला, तिकडे नंबरचे मास्क असतात, फोन करून सांगू का? मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. एकतीस वर्षं कसबा पेठेत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या नंबरचा मास्क लावायचा? निम्म्या पेठेला मी दृष्टी दिली आहे.
मास्क मीच बनवणार. साधा मास्क मागवायचा आणि आतून माझ्या नंबरच्या काचा चिकटवायच्या. बस्स. कोणाला सुचलं कसं नाही?

बुधवार, १८ डिसेंबर
मास्क आला. दुपारी न झोपता काम केलं, हे मुद्दाम नोंदवतो. काचा घासून आकाराला आणल्या, मास्क टेबलावर माझ्याकडे तोंड करून उभा ठेवला आणि मागून हात घालून सिलिकॉनने दोन्ही काचा बसवल्या. पूर्ण वेळ तात्याराव काउंटरला रेलून उभे. शार्क माणसाचा कुठला भाग आधी खातो, यावर त्यांचा बराच अभ्यास दिसला. तरी माझा हात हलला नाही.
कलाकृती झाली आहे. अशी वस्तू पुण्यात दुसरी नसेल.

रविवार, २२ डिसेंबर
मास्कची चाचणी. तो लावून दुकानात उभा राहिलो. सगळं धूसर, एका डोळ्याला लांब आणि बारीक, दुसऱ्याला नुसताच लगदा. गल्ल्यावरचा गणपती दोन ठिकाणी दिसला.
जरा विचार केल्यावर उलगडा झाला. पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, हे शास्त्र आहे. म्हणजे इथे हवेत जे लांब आणि बारीक दिसतंय, ते समुद्रात बरोबर जागेवर येणार. मास्क पाण्यासाठी आहे, दुकानासाठी नाही.
घरी बादलीत तोंड घालूनही पाहिलं. बादलीचा तळ दिसला नाही, पण बादलीत बघण्यासारखं असतं काय? कुसुम म्हणाली, अहो, दुसऱ्या कुणाला तरी एकदा दाखवा. मी म्हटलं, दुसरं कोण आहे?
कुसुम तलाव आडवा पोहून आली म्हणे. आडवा तलाव काही फार रुंद नसतो.

रविवार, २९ डिसेंबर
तारकर्लीला फोन केला. सहज. तिकडे साई नावाचा इन्स्ट्रक्टर आहे. विचारलं, वादळ वगैरे? म्हणाला, समुद्र एकदम शांत आहे काका. म्हटलं, जेलीफिश? म्हणाला, सध्या नाहीत. म्हटलं, बोट नादुरुस्त वगैरे होते का कधी? म्हणाला, कालच सर्व्हिसिंग केलं. कार्यक्षम मुलगा आहे. फोन ठेवल्यावर का कोण जाणे, थोडं निराश वाटलं.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५
गुडघा दुखतोय. डावा. किंवा उजवा.

रविवार, ५ जानेवारी
जेवताना एक व्यावहारिक मुद्दा मांडला. संक्रांत तोंडावर, गुडघा असा, आणि समुद्र काय, पळून थोडाच जातोय? फेब्रुवारीत जावं का?
कुसुम उठली. ताट उचललं, आत गेली, आणि भरायला काढलेली बॅग पुन्हा माळ्यावर ठेवून आली. स्टूल घेऊन, स्वतः. मग वह्या तपासायला बसली. मी म्हटलं, राग आला का? म्हणाली, "नाही हो. सवय आहे."
शांतपणे घेतलं म्हणायचं. पण मला आमटी गोड लागेना.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५
राजसचा फोन. दहा मिनिटं. त्यातली नऊ तोच बोलला. त्याचं म्हणणं, आई महिनाभर रोज संध्याकाळी कुडकुडत तलावात उतरतेय, ते कशासाठी असं तुम्हाला वाटतं? मी म्हटलं, विरंगुळा. त्यावर त्याने फोन ठेवला.
माळ्यावरून बॅग मीच खाली काढली. धूळ नाकात गेली, शिंका आल्या. कुसुम स्वयंपाकघरातून बघत होती. मी म्हटलं, मी काही मागे हटणारा माणूस नाही. "बरं," म्हणाली, आणि माझा टॉवेल सगळ्यात वर ठेवला.

शुक्रवार, १० जानेवारी, तारकर्ली
संध्याकाळी पोचलो. समुद्र पाहिला. अपेक्षेपेक्षा जास्त आहे.

शनिवार, ११ जानेवारी, सकाळी ७
आज मोहीम. गार पाण्याने आंघोळ करणार होतो, पण आज समुद्रात तेच होणार आहे. दुबार कशाला?

सकाळी ९.३०
किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात सराव झाला. पाणी खरोखर गार. अंगावर रबराचा घट्ट सूट, तोंडात नळी, नळीतून श्वास. साई चांगला मुलगा आहे, अठ्ठावीस वर्षांचा, पण त्याला खुणांची समज कमी. डोकं पाण्यात घातलं की मी अंगठा वर करून 'झकास' सांगायचो आणि तो मला लगेच उचलून बाहेर काढायचा. असं चार वेळा झालं. शेवटी म्हणाला, काका, अंगठा वर म्हणजे 'मला वर न्या'. ठीक असेल तर बोटांचा गोल करायचा. पद्धत चुकीची आहे, पण त्यांच्या गावात त्यांचं चालायचं.
कुसुमने पहिल्याच खेपेला गोल केला. शिक्षकांना सूचना पाळायची सवय असते.
माझा मास्क साईने कुतूहलाने पाहिला. मी म्हटलं, स्वतः बनवलाय. सरावात काही दिसलं नाही, पण तिथे नुसती वाळू होती. खरी परीक्षा खोल पाण्यात.

दुपारी १
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
बोटीतून आत गेलो. चष्मा कुसुमच्या पर्समध्ये, पर्स किनाऱ्यावरच्या लॉकरमध्ये. बोट थांबली. पहिला मी. मास्क लावला. बोटीला लावलेली शिडी मला डाव्या बाजूला, लांब आणि बारीक दिसली. मी तिच्यावर पाय ठेवला. शिडी तिथे नव्हती.
पाण्यात आडवा पडलो. आवाज मोठा झाला असावा, कारण शेजारच्या बोटीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाकात पाणी, तोंडात पाणी, नळी कुठे, साई कुठे. मी अंगठे वर केले. दोन्ही हातांचे. या वेळी बरोबर खूण होती.
साईने मला वर घेतलं. मी धापा टाकत म्हटलं, मास्कमध्ये पाण्याचा काहीतरी घोळ आहे. त्याने मास्क स्वतःच्या डोळ्यांना लावून बघितला, काढला, मला विचारलं कुठल्या डोळ्याला जास्त नंबर. म्हटलं, उजव्या. त्याने मास्क उलटासुलटा केला आणि म्हणाला, "काका, हयची काच थय लागली हा."
इकडची तिकडे आणि तिकडची इकडे.
मास्क आपल्याकडे तोंड करून ठेवला, की आपल्या उजवीकडे येतो तो घालणाऱ्याचा डावा डोळा. हे मी दुकानातल्या तीन पोरांना शिकवलं आहे. एकतीस वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या बाबतीत असं झालं नाही. तात्यारावांचे शार्क!
साई म्हणाला, आमच्याकडे मायनस पाचचा मास्क आहे बोटीवर, बऱ्यापैकी दिसेल, या परत. त्याने तो काढलासुद्धा. मी हातात घेतला. मी म्हटलं, दुसऱ्याचा मास्क म्हणजे स्वच्छतेचा प्रश्न येतो. तो म्हणाला, धुतलेला आहे. मी म्हटलं, शिवाय गुडघा.
कुसुम माझ्याकडे बघत होती. बघत असावी. त्या दिशेला काही हलत नव्हतं.
मग ती म्हणाली, "तुम्ही बसा. मी जाऊन येते."
मंडईत जाताना म्हणते, अगदी तसंच. आणि साईबरोबर शिडीवरून उतरून गेली.

दुपारी २.१५
पुढचं राहिलं लिहायचं.
ती वीस मिनिटं खाली होती. बोटवाल्याने सांगितलं, ते बुडबुडे दिसतात ना, तिथे आहेत त्या. मला बुडबुडे दिसत नव्हते. मला निळं दिसत होतं. मी विचारलं, आहेत का? म्हणाला, आहेत. जरा वेळाने पुन्हा विचारलं. अकराव्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, काका, मीच सांगत राहतो, तुम्ही विचारू नका. आणि मग तो बिचारा खरोखर सांगत राहिला. आहेत. आहेत. आहेत.
मी तो मायनस पाचचा मास्क डोळ्यांना लावला आणि बोटीच्या कडेवरून वाकून पाहिलं. उलटी झाली. बोट हलत होती.
ती वर आली तेव्हा मोठमोठ्याने बोलत होती. मासे, प्रवाळ, एक मासा पिवळा, अगदी हातावरून गेला, आणि खाली किती शांत असतं हो, कुणी हाक मारत नाही. आणि हसत होती. तिला असं हसताना मी कधी पाहिलं, आठवेना. आजही नीट पाहता आलं नाही. चष्मा लॉकरमध्ये होता.

रविवार, १२ जानेवारी, परतीच्या वाटेवर
कुसुम खिडकीशी बसली आहे. चार तासांत माझ्या मास्कबद्दल एक अक्षर बोलली नाही. मीच विषय काढला की कल्पना मुळात योग्य होती, फक्त अंमलबजावणीत बाजू बदलली. "हो," म्हणाली. नंतर खिडकीकडे तोंड करून बराच वेळ तिचे खांदे हलत होते. प्रवासाचा शीण असावा.

बुधवार, १५ जानेवारी
तात्यारावांना तिळगूळ दिला. त्यांनी विचारलं, समुद्र कसा होता? म्हटलं, विस्तृत. पेठेला वृत्तांत आधीच कळलेला दिसतो. दुपारी एक गिऱ्हाईक चष्मा न्यायला आलं आणि चढवण्याआधी मला म्हणालं, उजवं-डावं बघितलंय ना?

रविवार, २६ जानेवारी
कुसुम एप्रिलमध्ये पुन्हा तारकर्लीला चालली आहे. शाळेतल्या निशाबाईंबरोबर. या वेळी चार दिवसांचा रीतसर कोर्स, शेवटी सर्टिफिकेट. मी विचारलं, आणि मी? म्हणाली, तुम्हालाही एक काम दिलंय.
फॉर्म टेबलावर होता. वाचला. 'तातडीच्या प्रसंगी संपर्क' या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरात लिहिलंय, श्रीधर, पती.
हे साधं काम नाही. खाली जाणारे खाली जातात, पण वर कोणीतरी सावध, शांत डोक्याचं माणूस लागतं. एका अर्थी पूर्ण मोहीम त्याच्यावर उभी असते. एप्रिलपर्यंत भरपूर तयारी करायची आहे. उद्यापासून दुपारची झोप बंद. फोन कायम चार्ज, कायम खिशात. पहिल्या रिंगला उचलण्याचा सराव करायला हवा.
फक्त माझ्या नावापुढे नंबर राजसचा लिहिला गेलाय. घाईत चूक झाली असणार. दुरुस्त करायला सांगतो.
उद्या.