येते म्हटलं होतं

१ फेब्रुवारी, रविवार. दम्माम
पोचले. खोली स्वच्छ, खिडकीत भरपूर ऊन, कंपनीची बस दाराशी येते. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, आठवड्याभरात होईल म्हणतात. काम मनासारखं आहे: रेल्वे नियंत्रकांना शिकवायचा सिम्युलेटर तपासणं. इथल्या मार्गांची माहिती अजून भरलेली नाही, म्हणून नमुन्यादाखल आलेलं जर्मनीतलं एक छोटं स्टेशन चालवायचं. ग्राउवाल्ड. दोन फलाट, तासाला एक प्रादेशिक गाडी, थांबा चाळीस सेकंद. पडद्यावर बर्फ, बाहेर वाळू. केंद्राचे प्रमुख रत्नाकर सर नाशिकचे. म्हणाले, बिनव्हिसाची जर्मनी मिळाली तुला, चैन कर.

३ फेब्रुवारी
निघताना माइक चालू होता आणि मी सवयीने म्हटलं, "येते." नियंत्रकाचा प्रत्येक शब्द यंत्र नोंदवतं. शेजारच्या अरवाने अर्थ विचारला. जाताना 'येते' म्हणायचं, 'जाते' म्हणायचं नाही, हे ऐकून ती हसली. मग खरंच येणार असता तेव्हा काय म्हणता, तिने विचारलं. तेच म्हणतो, मी सांगितलं.

८ फेब्रुवारी
या नमुन्यात प्रवासी नाहीतच. तरी आज फलाट दोनवर एक बाई उभी होती. पाठमोरी. १४:३७ची गाडी सहा मिनिटं थांबून राहिली. नोंदीत कारण: प्रवाशाची वाट पाहत आहे. दोष म्हणून लिहून ठेवलं.

१० फेब्रुवारी
बाईच्या गळ्यात आमच्याच केंद्राच्या ओळखपत्राची निळी फीत आहे. सरांना दाखवलं. त्यांनी पडदाच बंद केला. मग सांगितलं: माझ्याआधी इथे पुण्याची किशोरी होती. एका दुपारी जागेवरून उठली, परत दिसली नाही. पासपोर्ट अजून ऑफिसात, एक्झिटचा शिक्का नाही. तीही निघताना 'येते' म्हणायची का, मी विचारलं.
सर म्हणाले, "आपण सगळेच म्हणतो गं."

११ फेब्रुवारी
काल न बोलता निघाले. आज नोंदीत माझाच आवाज — पाच वेळा — येते. आगमनाच्या पाटीवर गाडीचा क्रमांक नाही, माझं नाव. मुग्धा. १४:३७. फलाट दोन. स्थिती, चक्क मराठीत: येते.
राजीनामा लिहिला. उद्या देणार. तोवर तोंड बंद.

१२ फेब्रुवारी, दुपार
अरवा सुट्टीवर. सर वरच्या मजल्यावर. माइकची तार उपटली — हातात आहे. १४:३६. बाई वळते आहे —

दाराबाहेरून हाक. "मुग्धा, येतेस ना?"
मराठीत. इथे मराठी बोलणारे सरच, म्हणून तेच वाटले. तोंडातून गेलं, "आले."

आवाज फलाटावरच्या बाईचा होता.
पाटीवरचा शब्द बदलला — आले. टेबलाखाली बर्फ. दार उघडं, पण बाहेर जिना नाही, फलाट — गाडी थांबून आहे, माझ्यासा—