नोंदणी होईपर्यंत

१४ ऑगस्ट
सुरेखाला जाऊन काल महिना झाला. घरमालकांचे फोन थांबलेले नाहीत. ती सात जणांचे फ्लॅट सांभाळायची. मालक पुण्याला, दुबईला. भाडेकरू आणणं, मोटर, नळ, सगळं तिच्याकडे. अवघड असं काही नाही. नुसतं बोलायचं असतं. सध्या तीन फ्लॅट रिकामे आहेत.
मोनिकाचा फोन. आई नाही, एकटे कसे राहणार, घर विकू, दिवाळीनंतर पुण्याला या. मी प्रॉपर्टी मॅनेजर होणार, असं सांगितलं. ती म्हणाली, दिवाळीच्या आत तिन्ही फ्लॅट भाड्यानं देऊन दाखवा, मग विषय काढणार नाही. मुलीला बापाची कल्पना नाही.

१६ ऑगस्ट, सकाळी ९
पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली, काम रीतसरच करणार. रेरा या घरांच्या सरकारी प्राधिकरणाकडे एजंट म्हणून नोंदणी करायची. आधी वीस तासांचं ट्रेनिंग, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र, मग नोंदणी. तोपर्यंत एकाही घराला हात लावायचा नाही. चाव्या भागूबाईंकडे दिल्या, झाडलोटीपुरत्या. अकरा वर्षं आमच्याकडे धुणंभांडी करतात. मूळच्या करमाडच्या. फार बोलतात.

२३ ऑगस्ट
क्लास सुरू. पहिला बाक. शेजारी श्रेया नावाची मुलगी, वय बावीस. मला अंकल म्हणते. सरांनी प्रत्येकाला उभं करून घर दाखवल्यासारखं बोलायला लावलं. मी सांगितलं, नळाला पाणी आठ दिवसांनी येतं, जिन्यात ओल आहे, वरचे लोक भांडतात. सर म्हणाले, काका, हॉल कसा आहे तेही सांगा. हॉलचं राहून गेलं.

२९ ऑगस्ट
बँकेतला एक माणूस फ्लॅट बघायला आला. नोंदणी क्रमांक मिळाल्यावर या म्हणालो. भागूबाई त्याच्यामागं फाटकापर्यंत का गेल्या, कळलं नाही.

६ सप्टेंबर
ट्रेनिंग पूर्ण. शेवटी सरांना एक शंका विचारली. ते म्हणाले, नुसत्या भाड्याच्या कामाला ही नोंदणी लागत नाही, पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या वेळी मी वहीला समास आखत होतो. असो. उद्या नियम बदलला तर आपण तयार.

१२ सप्टेंबर
परीक्षेचा फॉर्म अडला. आधारवरच्या फोटोत माझा भांग आहे. मुलगा नाही, म्हणून दहाव्याचं सगळं, मुंडणासकट, मीच केलं. केस अजून भांग पडण्याइतके आलेले नाहीत. येईपर्यंत थांबणं योग्य. भागूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या केसायला विचारून कोण भाडेकरू येतंय?" कायदा त्यांना समजावत बसलो नाही.

१९ सप्टेंबर
केस पेरभर. श्रेयानं फॉर्म भरून दिला. मी ओटीपी सांगितला.

४ ऑक्टोबर
परीक्षा दिली. पर्यवेक्षकानं आधार पाहिलं, मला पाहिलं, सोडलं.

१६ ऑक्टोबर
पास. प्रमाणपत्राची प्रिंट काढून लॅमिनेट केली. नोंदणीचा अर्ज बाकी, पण दिवाळी चार दिवसांवर आहे. आता कामाला लागलं पाहिजे.

१७ ऑक्टोबर, दुपारी १
सांडूभाऊंच्या फ्लॅटपासून सुरुवात केली. हे मालक नोकरीमुळे पुण्याला असतात. प्रमाणपत्र घेऊन गेलो. दार आतून बंद. बेल वाजवली तर बँकेतल्या माणसानं उघडलं. चहा दिला. म्हणाला, सप्टेंबरपासून इथंच आहे. उरलेल्या दोन फ्लॅटांतही पडदे लागलेले.
सांडूभाऊंना फोन केला. त्यांनी माझे आभार मानले.

त्याच दिवशी, संध्याकाळ
भागूबाईंना विचारलं. त्या भांडी घासत होत्या, मान वर न करता बोलल्या.
"ताईंनी दवाखान्यातच सांगून ठेवलं व्हतं भाऊ. घरं तू बघ, आन् ह्यांला बी बघ."
मी घासलेली भांडी पुसायला घेतली.

१८ ऑक्टोबर
मोनिकाचा फोन. तिन्ही फ्लॅट गेले, असं सांगितलं. कसे, ते तिनं विचारलं नाही. भागूबाईंना फोन द्या म्हणाली. भागूबाई तिला सांगत होत्या, "ऱ्हाऊ द्या त्यांला हितंच. मला मीटरचं रीडिंग लिहाया माणूस लागतंय."
तेव्हा घर विकायचं नाही, हे ठरलं. भागूबाईंना माझ्या मदतनीस म्हणून नेमावं असा विचार आहे. त्यांना अजून बोललेलो नाही. उद्या सकाळी सातला त्यांनी मला मोटर चालू करायला बोलावलं आहे. उशीर केलेला त्यांना चालत नाही.